कॉपीकॅट: कलाकाराच्या हाताकडून शिकणाऱ्या साधनाचे परीक्षण

दृश्य-परिणाम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा विषय निघाला की हल्ली चर्चा लगेच एका वाक्यातून अख्खे दृश्य तयार करून देणाऱ्या सेवांकडे वळते. त्या सेवांविषयीही पुढे लिहिणार आहे. परंतु ज्यांना ठरलेल्या मुदतीत शॉट पूर्ण करून द्यावे लागतात आणि आपण काढलेली प्रत्येक कड मोठ्या पडद्यावर तपासली जाणार हे ज्यांना पक्के ठाऊक असते, त्या कंपोझिटरांच्या (वेगवेगळी चित्रे एकत्र बसवून अंतिम दृश्य तयार करणाऱ्या कलाकारांच्या) रोजच्या कामात खरा फरक पाडणारे साधन मला वेगळेच वाटते. ‘फाउंड्री’ या कंपनीच्या ‘न्यूक’ सॉफ्टवेअरमध्ये २०२१ साली, तेराव्या आवृत्तीबरोबर, ‘कॉपीकॅट’ नावाचा एक नोड आला. बराच काळ तो नियमित वापरल्यानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण यंत्राने शिकायचे ते कोणाकडून, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, या प्रश्नांना मला पटणारी उत्तरे या एका नोडच्या रचनेत सापडतात.

ज्यांचा न्यूकशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९३ साली ‘डिजिटल डोमेन’ या स्टुडिओत अंतर्गत गरजेपोटी लिहिले गेलेले हे सॉफ्टवेअर २००७ पासून फाउंड्रीकडे आहे आणि चित्रपटांच्या कंपोझिटिंगमध्ये त्याचे स्थान जवळजवळ सर्वमान्य आहे. त्यात चित्रावरील प्रत्येक प्रक्रिया हा एक नोड असतो. रंग बदलणे, धूसर करणे, दोन प्रतिमा एकमेकींवर बसवणे अशी कामे करणारे नोड एकमेकांना जोडत जाऊन अंतिम चित्र तयार होते. कॉपीकॅट हाही असाच एक नोड आहे, फक्त तो मूळ न्यूकमध्ये मिळत नाही. त्यासाठी न्यूक-एक्स किंवा न्यूक स्टुडिओ लागते.

या नोडला दोन जोडण्या असतात. एकीत मूळ फ्रेम द्यायची आणि दुसरीत त्याच फ्रेमचे आपण हाताने केलेले, आपल्याला हवे तसे अंतिम रूप द्यायचे. अशा मोजक्या जोड्या दिल्या की नोड संगणकाच्या जीपीयूवर, म्हणजे चित्रप्रक्रियेच्या चिपवर, एक छोटे न्यूरल नेटवर्क प्रशिक्षित करू लागतो: या चित्राचे ते चित्र कसे झाले, याचा नियम ते नेटवर्क स्वतः शोधते. प्रशिक्षण संपल्यावर एक फाइल तयार होते, ती ‘इन्फरन्स’ नावाच्या दुसऱ्या नोडमध्ये भरली की शॉटमधल्या उरलेल्या सगळ्या फ्रेमवर तीच प्रक्रिया लागू होते. काम रोटोचे (म्हणजे आकृतीची कड काढून ती वेगळी करण्याचे) आहे, डाग पुसण्याचे आहे, धूसर झालेला फोकस सुधारण्याचे आहे की गळ्यावरच्या मेकअपची कड लपवण्याचे आहे, याची नोडला कल्पना नसते आणि तशी गरजही नसते. त्याला फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ दिसते. इतकी साधी मांडणी असलेले आणि तरीही इतक्या वेगवेगळ्या कामांना लागू पडणारे साधन मी या क्षेत्रात दुसरे पाहिलेले नाही.

रोटोचे उदाहरण घेऊ, कारण या व्यवसायातले सर्वाधिक मनुष्यतास खाणारे काम तेच आहे. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोपच्या पेटंटसाठी १९१५ साली अर्ज केला आणि १९१७ साली ते मंजूर झाले. तेव्हा चित्रित केलेल्या माणसाच्या हालचाली काचेवर प्रक्षेपित करून एकेक फ्रेम गिरवली जात असे. काच गेली, संगणक आला, वक्ररेषा आल्या, दोन कीफ्रेममधली (माणसाने स्वतः आखलेल्या फ्रेममधली) हालचाल संगणक भरून काढू लागला. पण माणसाने बसून आकृतीची कड काढायची हा कामाचा गाभा शंभर वर्षे तसाच राहिला. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम असतात. त्यात एखादी व्यक्ती मोकळ्या केसांनी उंच गवतातून चालत असेल, कॅमेरा हातात धरलेला असेल आणि मागे निळा पडदा लावणे शक्य झाले नसेल, तर त्या एका शॉटमध्ये कुशल कलाकाराचे कित्येक दिवस जातात.

अशा शॉटमध्ये कॉपीकॅटने काम करताना मी सुरुवातीला पूर्ण शॉट नुसता पाहतो आणि फ्रेम निवडतो. ही निवड म्हणजे अर्धे काम. समान अंतरावरच्या फ्रेम घेणे सोपे असते, पण उपयोगाचे नसते. मान सर्वांत जास्त वळलेली आहे ती फ्रेम, हात वेगाने फिरून पुसट झाला आहे ती, केसांवर मागून ऊन आले आहे ती, आणि चेहरा सावलीत गेला आहे ती, अशा टोकाच्या स्थिती नेटवर्कने पाहिलेल्या असाव्या लागतात. दोन टोके दाखवली तर मधले ते बऱ्यापैकी ओळखते; न दाखवलेले टोक त्याला कधीच ओळखता येत नाही. मग त्या निवडक फ्रेमचे मॅट, म्हणजे कोणत्या पिक्सेलमध्ये आकृती किती आहे हे दाखवणारे काळे-पांढरे चित्र, हाताने, कोणतीही घाई न करता काढायचे. केसांच्या टोकाचा एक पिक्सेल पूर्ण केसाचा नसतो. त्यात समजा तीस टक्के केस आणि सत्तर टक्के गवत असते, आणि मॅटमध्ये त्या पिक्सेलची किंमत ०.३ असली तरच ती व्यक्ती नव्या पार्श्वभूमीवर बसवल्यावर खरी वाटते. हे अंशांचे गणित निवडक फ्रेममध्ये नीट साधले असेल, तर नेटवर्क ते उचलते. बटेची कड मऊ, खांद्याची कड ठाम आणि फिरत्या हाताची कड हालचालीच्या दिशेने विरलेली, हा भेद हाताने केलेल्या कामात जसा असेल तसाच उरलेल्या शंभरेक फ्रेममध्ये उतरलेला दिसतो. हे काम पाहताना खरोखर आनंद होतो, कारण पडद्यावर दिसणारी कड ही आपण घेतलेल्या निर्णयांचीच पुढची रूपे असतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि माझ्या मते या साधनाचे खरे मर्म तिथेच आहे. नेटवर्क प्रशिक्षणात सरासरी चूक कमी करण्याचा प्रयत्न करत असते. एका फ्रेममध्ये कड केसांच्या बाहेरून काढली आणि दुसऱ्या फ्रेममध्ये आतून, तर त्याला दोन परस्परविरोधी सूचना मिळतात आणि ते दोन्हींच्या मधले, म्हणजे धूसर, उत्तर देते. हाताने पुसलेला भाग मूळ फ्रेमपासून एका पिक्सेलने जरी सरकलेला असला, तरी त्या सरकण्याला कोणताही नियम नसल्यामुळे निकाल मवाळ पडतो. दोन कलाकारांनी आपापल्या सवयीने काढलेले मॅट एकाच प्रशिक्षणात टाकले की हीच अडचण येते. साध्या हाताच्या कामात एका फ्रेममधली ढिलाई त्या फ्रेमपुरती राहते. इथे ती सगळ्या शॉटभर पसरते. त्यामुळे कॉपीकॅट अनुभवी कलाकाराच्या हातात जितके फळते, तितके घाईत काम उरकणाऱ्याच्या हातात फळत नाही. कौशल्याची गरज ते कमी करत नाही. ते कौशल्य थोड्या फ्रेममध्ये एकवटायला लावते.

ग्रेनच्या, म्हणजे चित्रातल्या बारीक दाणेदारपणाच्या, बाबतीत हे तत्त्व फार स्पष्ट दिसते. गळ्यावर लावलेल्या कृत्रिम जखमेची कड त्वचेपासून सुटलेली आहे आणि ती पुसायची आहे, असा शॉट समजू. निवडक फ्रेममध्ये पेंट करून कड बुजवली, प्रशिक्षण दिले, आणि निकाल पाहिला तर कड गेलेली असते, पण तिथली त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. कारण असे की ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये यदृच्छेने बदलतो; त्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून नेटवर्क त्याची सरासरी काढते आणि यदृच्छ ग्रेनची सरासरी म्हणजे ग्रेन नसणे. यावर उपाय जुनाच आहे: आधी प्लेटचा, म्हणजे मूळ चित्रणाचा, ग्रेन काढायचा, स्वच्छ प्लेटवर प्रशिक्षण द्यायचे, निकालातून फक्त बदललेला भाग मूळ प्लेटवर आणायचा आणि मग त्या भागावर मूळ ग्रेनशी जुळणारा ग्रेन पुन्हा चढवायचा. कंपोझिटिंगचे मूलभूत शिक्षण झालेल्या कोणालाही हा क्रम नवा नाही. नव्या साधनातही जुनी शिस्त उपयोगी पडते याचे मला विशेष समाधान वाटते.

प्रशिक्षण चालू असताना नोडमध्ये चूक किती उरली याचा आलेख उतरताना दिसतो आणि शेजारी मूळ चित्र, आपले चित्र आणि नेटवर्कचे चित्र असे तुकडे एकत्र मांडलेले दिसतात. नव्या वापरकर्त्याची नजर साहजिकच आलेखावर खिळते. माझा सल्ला असा की आलेखाकडे दिशा पाहण्यापुरतेच लक्ष द्यावे आणि निर्णय तुकडे पाहूनच घ्यावा. चित्रातला मोठा भाग, म्हणजे छाती आणि पाठीमागचे आकाश, लवकर जमतो आणि आलेख झपाट्याने खाली येतो. केसांचा भाग क्षेत्रफळाने नगण्य असल्यामुळे तो जमला की नाही याचे प्रतिबिंब आकड्यात फारसे पडत नाही. प्रेक्षकाचा डोळा मात्र नेमका तिथेच जातो. प्रशिक्षण मध्येच थांबवता येते, जिथे निकाल कच्चा वाटतो तिथली आणखी एक फ्रेम हाताने करून भर घालता येते आणि आधीच्या टप्प्यापासून पुढे शिकवता येते. ही ये-जा मला फार उपयोगाची वाटते. पहिल्या फेरीत थोड्या फ्रेम देऊन यंत्राला कुठे अडते ते पाहावे आणि त्यानुसार पुढच्या फ्रेम निवडाव्या, म्हणजे हाताची मेहनत नेमक्या जागी लागते.

यंत्र-शिक्षणाच्या पुस्तकांत दिलेली उदाहरणे तोंडपाठ करून बसणे हा नेटवर्कचा दोष मानला जातो, कारण नवे उदाहरण समोर आले की असे नेटवर्क गडबडते. कॉपीकॅटने हाच दोष कामाला लावला आहे. ज्या शॉटवर प्रशिक्षण द्यायचे त्याच शॉटवर ते वापरायचे असल्यामुळे त्याने तो शॉट पाठ करावा हेच अपेक्षित असते. जगातल्या सर्व माणसांचे केस ओळखणे त्याचे काम नाही. या प्रकाशातले, या व्यक्तीचे, या गवतापुढचे केस ओळखले की पुरे. त्यामुळे प्रशिक्षणासाठी लाखो चित्रांचा साठा लागत नाही आणि शिकण्यासाठी लागणारा वेळही स्टुडिओच्या आवाक्यात राहतो. त्याच दृश्यातल्या, त्याच प्रकाशातल्या दुसऱ्या शॉटवर ती फाइल काही प्रमाणात चालते आणि थोड्या वाढीव प्रशिक्षणाने चांगली चालते. पण दृश्य बदलले की नव्याने सुरुवात करणेच श्रेयस्कर.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की नेटवर्क प्रत्येक फ्रेम सुटी पाहते. आधीच्या फ्रेममध्ये काय होते याची त्याला आठवण नसते. एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर निर्दोष वाटणारी कड शॉट चालवल्यावर बारीक थरथरू शकते, आणि थरथरणारी कड ही स्थिर पण किंचित चुकीच्या कडेपेक्षा जास्त खटकते. म्हणून निकाल नेहमी चालता पाहावा, तोही पूर्ण वेगाने आणि अंतिम पार्श्वभूमीवर बसवून. खांदा, बाही, पँट अशा ठाम कडांसाठी जुन्या पद्धतीचा वक्ररेषांचा रोटो आणि केस, लोकर, पुसट बोटे यांच्यासाठी कॉपीकॅट, अशी विभागणी केली तर ही अडचण बरीच आटोक्यात येते. रोटो कलाकारांनी हे साधन पूर्ण बदली म्हणून न घेता कठीण जागेवरची मदत म्हणून घ्यावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

दुसरी मर्यादा चौकोनांची. प्रशिक्षणात नेटवर्क पूर्ण फ्रेम एकदम पाहत नाही. २५६ पिक्सेलांच्या चौकोनासारखे तुकडे पाहते. त्या तुकड्यात जर फक्त काळ्या कोटाचा भाग असेल, तर तो नायकाचा कोट की मागून जाणाऱ्या माणसाचा, हे ठरवायला त्याच्याकडे कोणताही आधार नसतो. तुकडा मोठा केला तर संदर्भ वाढतो, पण जीपीयूची मेमरीही तितकीच लागते आणि वेळही वाढतो. व्यवहारात सोपा मार्ग म्हणजे नको असलेला भाग ढोबळ आकाराने आधीच झाकून टाकणे. तिसरी मर्यादा अशी की झाकलेल्या वस्तूमागे काय आहे हे त्याला ठाऊक नसते. तार किंवा ट्रॅकिंग मार्कर (हालचालीचा माग काढण्यासाठी लावलेल्या खुणा) पुसणे त्याला जमते, कारण भोवतालच्या पोतावरून अंदाज बांधता येतो. पण फ्रेमचा चतुर्थांश भाग व्यापणारा दिव्याचा स्टँड काढून मागची भिंत उभी करायची असेल, तर क्लीन प्लेट (ती वस्तू नसलेले मागचे चित्र) आणि प्रोजेक्शन (ते चित्र दृश्यातल्या आकारांवर टाकणे) यांना पर्याय नाही. अतिशय उजळ मूल्ये असलेल्या प्लेट, उदाहरणार्थ थेट दिसणारे दिवे किंवा पाण्यावरची चमक, आधी लॉगमध्ये (उजळ मूल्ये दाबून मांडणाऱ्या स्वरूपात) नेऊन मगच शिकवाव्या, एवढेही इथेच नोंदवतो.

न्यूकबाहेरच्या साधनांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. ‘दा विंची रिझॉल्व्ह’मधला ‘मॅजिक मास्क’ व्यक्तीवर एक-दोन रेघा ओढल्या की ती व्यक्ती शॉटभर वेगळी काढून देतो, आणि ‘मेटा’ने २०२४ साली मोफत उपलब्ध केलेले ‘सेगमेंट एनीथिंग २’ हे मॉडेल चित्रफितीत दाखवलेल्या जवळजवळ कोणत्याही वस्तूचा माग ठेवते. ही दोन्ही आधीच प्रचंड प्रमाणात प्रशिक्षित झालेली असल्यामुळे आपल्याला काहीच शिकवावे लागत नाही. काही क्षणांत निकाल मिळतो. रंगसंस्कार करताना चेहरा थोडा उजळायचा असेल, किंवा दिग्दर्शकाला मांडणी दाखवण्यापुरता कच्चा कंपोझिट करायचा असेल, तर मी कॉपीकॅटच्या वाटेला जाणार नाही. ही साधनेच वापरेन. मात्र वस्तू कुठे आहे हे ओळखणे आणि कडेच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये तिचा अंश किती हे ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत ही साधने पारंगत आहेत. अंतिम मॅटसाठी दुसरी लागते. मला सध्या दोघांची जोडी सर्वांत फलदायी वाटते: ढोबळ आकार या साधनांकडून घ्यायचा, त्याच्या आतबाहेरची अरुंद पट्टी कॉपीकॅटला शिकवायची.

आता वाक्यातून दृश्य तयार करणाऱ्या सेवांविषयी. त्यांचे यश नाकारण्यात अर्थ नाही. २०२५ साली ‘नेटफ्लिक्स’ने आपल्या ‘एल एतेर्नाउता’ या अर्जेंटिनातील मालिकेत इमारत कोसळण्याचे एक दृश्य अशा तंत्राने केल्याचे जाहीर केले, आणि कंपनीचे सह-प्रमुख टेड सरँडोस यांनी ते नेहमीच्या पद्धतीपेक्षा दहापट वेगाने पूर्ण झाल्याचे सांगितले. मर्यादित खर्चाच्या निर्मितीला जे दृश्य एरवी लिहिण्याचीही हिंमत झाली नसती, ते पडद्यावर आले, ही गोष्ट लहान नाही. पण त्याच तंत्राची दुसरी नोंदही वाचण्यासारखी आहे. २०२४ साली ‘ओपनएआय’ने ‘सोरा’ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी कॅनडातील ‘शाय किड्स’ या गटाला ते वापरायला दिले. त्यांनी डोक्याच्या जागी पिवळा फुगा असलेल्या माणसाची छोटी गोष्ट केली. नंतर त्यांनीच मोकळेपणाने सांगितले की दर वेळी तयार होणारा फुगा एकसारखा नसे, कधी त्याच्यावर चेहरा उमटे, आणि अशा गोष्टी नंतर हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. म्हणजे चित्र यंत्राने काढले तरी ते गोष्टीला जुळवून घेण्यासाठी रोटो आणि पेंट करणारा माणूस लागलाच.

मी स्वतः अशाच एका सेवेकडून एका शॉटसाठी धुळीचा लोट मागितला होता. पहिला लोट देखणा होता. सुपरवायझरने फक्त इतकेच सुचवले की लोट हाच राहू द्या, तो पाऊल टेकल्यानंतर दोन फ्रेमने सुरू व्हावा आणि उजवीकडचा भाग थोडा पातळ असावा. सुरुवात पुढेमागे सरकवणे माझ्या हातात होते, पण पातळपणाची मागणी सेवेकडे केली तेव्हा दर वेळी नवाच लोट आला: कधी रंग वेगळा, कधी प्रकाशाची दिशा वेगळी, कधी जमीनच वेगळी. फाइल आठ बिटांची आणि संकुचित होती, वेगळा अल्फा (पारदर्शकतेची माहिती) नव्हता, खोलीची माहिती नव्हती. शेवटी तो लोट नमुना म्हणून शेजारी ठेवला आणि आमच्या संग्रहातल्या चित्रित धुळीपासून शॉट बांधला. दिग्दर्शकाची सूचना ही बहुधा ‘हेच, पण थोडे असे’ या स्वरूपाची असते आणि आमचा सगळा व्यवसाय त्या ‘थोडे असे’वर उभा आहे. कॉपीकॅटचा निकाल उरलेल्या नोडांच्या साखळीत एक कडी म्हणून राहतो. त्याच्या आधी आणि नंतर काहीही बदलता येते, एखाद्या फ्रेममध्ये तो न जमल्यास तेवढी फ्रेम हाताने करून मध्ये घालता येते. नियंत्रणाचा हा फरक माझ्या दृष्टीने दोन्ही प्रकारच्या साधनांमधला निर्णायक फरक आहे. तयार करणाऱ्या सेवांमध्येही नियंत्रणाच्या सोयी वाढत आहेत हे खरे. ज्या दिवशी त्या थर, अल्फा आणि स्थिर पुनरावृत्ती देऊ लागतील, त्या दिवशी हा परिच्छेद मी आनंदाने पुन्हा लिहीन.

मालकीचा मुद्दा तांत्रिक परीक्षणात सहसा येत नाही, पण तो इथे टाळणे मला योग्य वाटत नाही. कॉपीकॅटचे प्रशिक्षण आपल्या यंत्रावर, आपल्या प्लेटवर आणि आपल्या कलाकाराने केलेल्या फ्रेमवर होते. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी एकही फ्रेम बाहेर जाऊ द्यायची नाही, अशा करारांखाली काम करणाऱ्या स्टुडिओंना हे परवडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नेटवर्क कोणाच्या कामावर शिकले हे नावानिशी सांगता येते. आंतरजालावरच्या असंख्य चित्रांवर आणि चित्रफितींवर शिकलेल्या मॉडेलांबाबत हे सांगता येत नाही, आणि त्यावरून चाललेले न्यायालयीन वाद अजून मिटायचे आहेत. नटांच्या चेहऱ्याचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. हॉलिवूडमधील नटांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेचा २०२३ सालचा संप ११८ दिवस चालला, आणि नटाची डिजिटल प्रतिकृती करायची तर त्याची संमती आणि मोबदला हवा, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. कॉपीकॅटनेही चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसता येतात; हाताने करता येणारे काम ते वेगाने करते, पण म्हणून संमतीचा प्रश्न सुटत नाही. साधन आपल्या यंत्रावर चालते एवढ्याने ही जबाबदारी संपली असे कोणी समजू नये.

रोटो आणि पेंट हा या व्यवसायात येण्याचा नेहमीचा दरवाजा आहे, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. शेकडो फ्रेमची कड काढताना नवख्या कलाकाराची नजर तयार होते. कापड कसे वळते, हालचालीत कड कशी विरते, लेन्स कुठे धूसर करते, हे तो कोणी न शिकवता शिकतो. एका शॉटमध्ये हाताने करायच्या फ्रेम मोजक्याच उरल्या, तर त्या स्वाभाविकच अनुभवी माणसाकडे जातील आणि नवख्याला फक्त निकाल तपासण्याचे काम उरेल. ज्याने स्वतः कधी कड काढली नाही त्याला चुकलेली कड ओळखता येईल, यावर माझा विश्वास नाही. हे साधन घेणाऱ्या विभागप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रशिक्षणाच्या फ्रेम नवख्यांकडूनच करून घ्याव्या, अनुभवी कलाकाराने शेजारी बसून त्या तपासाव्या, पुन्हा करायला लावाव्या, आणि वाचलेला वेळ याच कामी लावावा. आठ-दहा फ्रेम इतक्या बारकाईने करण्याची सवय हे शिक्षण म्हणून शंभर फ्रेम रेटून नेण्यापेक्षा कदाचित सरसच ठरेल. पण त्यासाठी वेळापत्रकात तशी जागा मुद्दाम ठेवावी लागेल, ती आपोआप राहणार नाही.

ज्यांच्याकडे न्यूक-एक्स आधीपासून आहे त्यांनी कॉपीकॅट न शिकण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. वेगळे काही विकत न घेता त्यांच्या हाताशी ते पडून आहे. केवळ या नोडसाठी न्यूक-एक्सकडे जावे का, याचे उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. लांब शॉट, केसांच्या कडा, सौंदर्यसुधारणा, वारंवार येणारे मार्कर अशी कामे नित्य असतील तर जावे. बहुतेक शॉट दोन-तीन सेकंदांचे आणि ठाम कडांचे असतील तर जाऊ नये, कारण निवड, प्रशिक्षण आणि तपासणी यांत जाणारा वेळ हाताच्या रोटोपेक्षा जास्त होईल. भरपूर मेमरीचा चांगला जीपीयू नसेल तर आधी त्याचा विचार करावा. आणि एक सवय पहिल्या शॉटपासून लावून घ्यावी: नेटवर्कची फाइल जपताना तिच्याबरोबर प्रशिक्षणाच्या फ्रेमच्या जोड्याही शॉटच्या आवृत्तीसह जपाव्या. दिग्दर्शकाने दोन महिन्यांनी शॉट चार फ्रेमने वाढवला आणि त्या चार फ्रेममध्ये नायिकेने मान वळवलेली असली, तर नुसती फाइल अपुरी पडते. जोड्या हाताशी असतील तर त्यांत एका नव्या फ्रेमची भर घालून संध्याकाळी प्रशिक्षण लावता येते आणि सकाळी मॅट तयार मिळतो.